समुद्र घरी नव्हता

स्विंडनहून सकाळी निघून
वेस्टनला पोचलो तेव्हा
समुद्र घरी नव्हता.

दार सताड उघडं टाकून गेलेला.
अंगण ओलं, करडं, नजर जाईल तिथवर,
आणि पार पलीकडे, वेल्सच्या डोंगरांखाली
विळीच्या पात्याएवढी एक चमक.
"तो काय तिथे," श्रीरंग म्हणाला,
उशीर करणाऱ्या पाहुण्याची बाजू घ्यावी तसा.

कुंदावन्सं काही बोलल्या नाहीत.
साताऱ्यात जन्म, कराडात नोकरी,
त्रेसष्ट वर्षांत समुद्र बघायचा राहूनच गेला.
दर वेळी कुणाचं तरी बाळंतपण निघालं,
कुणाची दहावी.
त्यांनी चटई अंथरली, चार कोपऱ्यांवर चार चपला ठेवल्या,
पिशवीतून डबा काढला, म्हणाल्या,
"येईल की. कुठं जातोय?"

मग काहीच झालं नाही, आणि ते छान होतं.

शेजारच्या म्हाताऱ्याने वाऱ्याला आडोसा ठोकला,
पट्टेरी, आमच्याकडच्या जुन्या गादीच्या कापडासारखा,
आणि न विचारता दोन हात आमच्याही बाजूला ओढला.
निषाद गाढवावर बसून आला.
गाढवाच्या कपाळपट्टीवर नाव होतं, टॉफी.
वन्सं त्याला म्हणाल्या, "आमच्यात गाढवाला
नाव देत नाहीत रे, नावं ठेवतात."
त्याला कळलं नाही. मला हसू आवरेना.
किती वर्षांनी कुणीतरी
माझ्या भाषेत पाय घसरून पडलं होतं, मुद्दाम.

एका सीगलने थालीपीठ पळवलं,
लसणाच्या चटणीसकट.
आम्ही श्वास रोखून बघत राहिलो.
तो थबकला. मान हलवली.
आणि आणखी मागायला परत आला.

श्रीरंग आरामखुर्चीत तोंड उघडं टाकून झोपला,
"आपल्याला काय लागतंय इथलं ऊन" म्हणत.
चार वाजता त्याचं नाक
कोकमाच्या रंगाचं झालं होतं.
वैदेहीने फोन पालथा ठेवला
आणि वाळूत बापाचे पाय पुरले,
सहा वर्षांची असताना पुरायची तसे,
गुडघ्यापर्यंत, थापून थापून.
मी बघितलं नाही असं दाखवलं.

वन्सं मात्र उठून चालू लागल्या होत्या
त्या चमकेच्या दिशेने,
साडी घोट्याच्या वर धरून, मोजे तसेच.
लाल टी-शर्टमधला एक पोरगा धावत गेला,
हात हलवत, चिखल आहे, आत ओढतो, मागे फिरा.
त्यांना इंग्रजी कळत नाही असं नाही.
त्याचं सगळं नीट ऐकून घेतलं,
मग त्यालाच विचारलं, "ही विल कम?"
"अराउंड सेव्हन," तो म्हणाला.
त्या परत येऊन बसल्या, हातातलं घड्याळ सोडून
चटईवर समोर ठेवलं,
एसटीची वाट बघावी तशा.

मुलं कंटाळली. चिप्स झाले, आइस्क्रीम झालं,
ती गुलाबी साखरेची कांडी झाली,
कुठूनही मोडा, आत गावाचं नाव.
आडोसा निघाला, म्हातारा हात हलवून गेला.
गाढवं रांगेने घरी गेली.
"निघूया का?" श्रीरंगने नाकाला हात लावत तिसऱ्यांदा विचारलं.
कुणी उठलं नाही.

आणि मग तो आला.
लाटा नाहीत, गाजावाजा नाही,
घोंगडी ओढून घ्यावी तसा, सपाट, तपकिरी,
आम्ही बोलत असतानाच भिंतीपाशी येऊन उभा.
चहाच्या रंगाचं पाणी.
वन्सं उताराच्या शेवटच्या दगडापर्यंत गेल्या,
वाकून एक बोट बुडवलं, जिभेला लावलं.
"मीठ बरोबर आहे," म्हणाल्या,
आणि मोज्यांसकट आत उतरल्या.

परतीच्या वाटेवर गाडीत सगळे झोपले.
मी चालवत होते.
हीटरच्या जाळीवर वन्संचे दोन मोजे वाळत होते,
आणि ब्रिस्टलपर्यंत काच
आतून धुरकट होत राहिली.
पुसली नाही फारशी. दिसत होतं तेवढं.